हलू नकोस म्हटलं ना!

पांढरे कपडे घालून या, असं मी घसा फोडून सांगितलं होतं. कार्यशाळेतले सगळे आले काळ्यात. कलाकार ना! काळ्या कापडावर प्रोजेक्टरचं चित्र उमटत नाही, हे कालच शिकवलं होतं. एका कानानं ऐकलं, दुसऱ्यानं सोडलं.

सकाळभर आम्ही किटल्या, खुर्च्या आणि एका फुटक्या बेसिनवर चित्रं पाडली. दुपारी माणसाचं अंग हवं होतं. नेमकी वहिनी माझा डबा द्यायला आली, पांढऱ्या कुडत्यात. मी तिला धरलंच. भिंतीपाशी उभं केलं आणि कुडता पोटावर ताणून मागून चिमटे लावले.

वहिनीला सहावा महिना. बाळ हललेलं तिला अजून जाणवलं नव्हतं. बाळाची वार पुढच्या बाजूला आहे, म्हणून हालचाल उशिरा कळेल, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. पण आधीचं मूल पोटातच गेलं होतं, तिचा कुणावर विश्वास बसणार? आणि आमचा दादा, शहाणा, रोज सकाळी विचारायचा, "हललं का?"

चित्र नीट बसवायला आधी सरळ रेघांची जाळी पाडतात. पोटाच्या गोलाईवर ती वाकली. लॅपटॉपपाशी बसलेला कार्यशाळेतला एक फोटोग्राफर एकेक रेघ जुळवू लागला.

"वहिनी, हलू नकोस."

"वन्सं, श्वास तरी घेऊ का?"

"थोडा घे."

श्वासागणिक अख्खी जाळी वरखाली. त्यात कुणीतरी प्रोजेक्टरसमोरून गेलं, ते पुन्हा त्याच वाटेनं परतलं. माझं डोकंच फिरलं.

"आता जागचं कुणी उठलं तर बघा! वहिनी, श्वास रोखून धर."

जाळी थांबली. तोच बेंबीच्या डावीकडची एक रेघ टुणकन उचलली गेली आणि परत बसली.

"हलू नकोस म्हटलं ना!"

"अगं, मी कुठे हलले?"

पुन्हा तीच रेघ. बाकीच्या जागच्या जागी.

वहिनी खाली मान घालून बघत राहिली. श्वास तिनं अजून सोडला नव्हता. मला एकदम रडू फुटलं, सगळ्यांसमोर.

"श्वास घे गं, वेडे."

"थांब," ती पुटपुटली, "परत हलेल."

मागून फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, ती एकच रेघ हलतेय. सरळ करून टाकू?"

"तिला हात लावलास तर याद राख!"