बाळ. पाणी. नर्स.

ऑफिसात तिला सगळे तीनशब्दी म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नाही. कॅथलिक धर्मप्रांताच्या आठ पानी साप्ताहिकासाठी ती सव्वीस वर्षं फोटो काढत होती. फोटोबरोबर मजकुराची एक चिठ्ठी द्यावी लागे, आणि तिच्या चिठ्ठीवर तीनाच्या वर चौथा शब्द कुणी पाहिला नव्हता. 'म्हातारा. खुर्ची. शाळा.' झालं. बाकीचं काका बघून घेतील. काका म्हणजे मजकूर तपासणारे गृहस्थ, सत्तरी ओलांडलेले. तीस वर्षं त्यांनी दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिलं होतं. तीन शब्दांतून ते चार सुरेख ओळी काढायचे आणि वर तिला ऐकवायचे, "शब्दांना काय रेशन लागलंय का गं?" ती कॅमेऱ्याची काच पुसत म्हणायची, "फोटोत दिसतंय की सगळं. डोळे असतील त्याला दिसेल."

तिचं हे वाक्य लक्षात ठेवा, कारण तेच तिच्या अंगाशी आलं.

तर झालं असं की एका शुक्रवारी संपादक फादर हातात पत्र घेऊन जिना चढून आले. फादर एरवी जिन्याला शिव्या घालत वर येतात, म्हणजे फादरांना शोभतील अशा. त्या दिवशी ते काही न बोलता आले आणि पत्र तिच्या टेबलावर ठेवलं. देशभरातल्या कॅथलिक साप्ताहिकांच्या संघानं मानवतावादी छायाचित्रणाचा यंदाचा पुरस्कार तिला दिला होता. पुढच्या शनिवारी समारंभ, बिशप येणार, फोटो मोठ्या पडद्यावर लावणार.

"चाळीस वर्षांत आपल्याकडे पहिल्यांदाच," फादर म्हणाले, आणि त्यांना चक्क भरून आलं.

फोटो चार महिन्यांपूर्वीचा. नदीला पूर आला तेव्हा एका रिकाम्या गोदामात लोकांची छावणी केली होती. तिथं डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक नर्स वाकून तान्ह्या बाळाच्या डोक्यावर मगातून पाण्याची बारीक धार सोडते आहे, तिचे ओठ किंचित हललेले आहेत, आणि चौकटीच्या खालच्या कडेला बाळाच्या आईचे फक्त हात दिसतात, बाळाचे पाय धरलेले. चिठ्ठीवर तिनं लिहिलं होतं, 'बाळ. पाणी. नर्स.' तेव्हा तो फोटो पाचव्या पानावर आला, आणि त्या गडबडीत कुणी फारसा पाहिलाही नाही. आता मात्र संघानं तो निकालाबरोबर सगळीकडे पाठवला होता, आणि दोन दिवसांत तो कुठल्या कुठल्या फोनवर जाऊन पोचला.

घरी तिच्या आईनं तर धमालच केली. बिल्डिंगच्या चारही मजल्यांवर बातमी पोचवली, भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथं एक मोठा खिळा ठोकून घेतला आणि म्हणाली, "मानपत्र इथं. आल्यागेल्याला दारातूनच दिसलं पाहिजे. तुझा भाऊ म्हणायचा ना, फोटो काढून कुणाचं काय भलं झालंय? त्याला खाली खुर्ची टाकून बसवते." तिनं आईला हसण्यावारी नेलं, पण खरं सांगायचं तर तिलाही तो खिळा आवडला होता. लोकांच्या दुःखात कॅमेरा घेऊन घुसणारी बाई म्हणून तिनं सव्वीस वर्षं कमी ऐकलं नव्हतं. एकदा तरी कुणी म्हणावं की बाई, तू केलंस ते बरोबर केलंस, एवढंच तिला हवं होतं, आणि मनापासून हवं होतं.

तिचा एक नेम होता. ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रत नेऊन द्यायचीच. या बाळाची प्रत राहून गेली होती, कारण छावणी उठली आणि माणसं पांगली. नर्सबाईंकडून पत्ता मिळाला. सोमवारी सकाळी ती फोटो पुठ्ठ्यात घालून पूरग्रस्तांच्या नव्या वसाहतीत गेली. पत्र्याच्या घरांच्या चार रांगा, प्रत्येक रांगेच्या टोकाला एक नळ. दुसऱ्या रांगेत, शेवटच्या घराच्या दारात एक म्हातारी मांडीवर बाळ घेऊन बसली होती. बाळ आता गुटगुटीत झालं होतं. ते पाहून तीनशब्दीला एवढा आनंद झाला की नमस्कार करायच्या आधीच तिनं पुठ्ठा उघडला.

म्हातारीनं फोटोकडे पाहिलं आणि बाळाला उचलून आत निघून गेली.

आतून बाळाची आई आली. पंचविशीची असेल. डोळ्यांखाली काळं आलेलं. "फोटो तुम्ही काढलात?"

"हो. तुमच्यासाठीच आणलाय. याला बक्षीस..."

"माहिती आहे. सगळ्या वसाहतीला माहिती आहे." तिनं कमरेचा फोन काढून समोर धरला. "खालचं वाचा."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. तीनशब्दी स्वतःच्या फोटोखालच्या ओळी कधी वाचायची नाही. फोटो कसा छापलाय, काळा जास्त आलाय का, कडा कापल्यात का, एवढंच बघून पान उलटायची. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तिनं उन्हात उभं राहून ती ओळ वाचली. 'मृत्यूच्या दारात बाप्तिस्मा: पूरग्रस्तांच्या छावणीत पवित्र शब्द उच्चारत बाळाच्या मस्तकी जल ओतताना एक परिचारिका.'

तिनं ती परत पहिल्यापासून वाचली.

"आम्ही तुमच्या धर्माचे नाही, बाई," बाळाची आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "रांगेतल्या बायका म्हणतात, घर आधी मिळावं म्हणून हिनं पोराचा धर्म दिला. दोन दिवस झाले, मी गेले की नळावर कुणी बोलत नाही. माझी बादली उचलून मागे ठेवतात. सासूबाई पोराला माझ्याजवळ देत नाहीत. नवरा कामावर आहे, रविवारी येईल. तो आल्यावर सासूबाई त्याला काय सांगतील आणि तो काय करील, मला माहिती नाही. पोराला ताप होता. एकशे चार. ताप उतरवायला पाणी ओतलं. तुम्ही तिथं उभ्या होतात ना? बघत होतात ना?"

"होते."

"मग?"

तिनं फोटो पुढे केला. बाळाच्या आईनं हात मागे घेतले. "घेऊन जा तो," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

तीनशब्दी तडक ऑफिसात आली. आधी नर्सबाईंना फोन लावला. ओठ का हलत होते तुमचे? "मी श्वास मोजत होते," नर्सबाई म्हणाल्या. "मिनिटाला किती पडतात ते. का?" मग तिनं जुन्या चिठ्ठ्यांचा खोका काढला, ती चिठ्ठी शोधली आणि काकांच्या टेबलावर ठेवली. सगळं सांगितलं.

काकांनी चिठ्ठी उचलून वाचली आणि परत खाली ठेवली. "तीस वर्षं मुलांना शिकवलं," ते म्हणाले. "जीव धोक्यात असेल तर फादरची वाट बघू नका. कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. डोक्यावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे. पाणी दिसलं, पांढरा रुमाल दिसला, ओठ हललेले दिसले. मला दुसरं काही दिसलंच नाही गं." त्यांनी चष्मा काढला. "माझं नाव घालून छाप. काकांनी खोटं लिहिलं म्हणून."

"तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण मी लिहिलं असतं तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं," ती म्हणाली. "चिठ्ठी माझी आहे, काका."

फादरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण मोहात सगळेच सापडतात. "दुरुस्ती छापायचीच," ते म्हणाले. "पण या आठवड्यात नको. शनिवार होऊ दे. पुढच्या अंकात छापू."

"शनिवारी तो फोटो भिंतीएवढा लागेल, फादर. खाली ती ओळ."

"ओळ काढायला सांगतो."

"काढली तरी लोकांना ती पाठ झाली आहे. फोनवर फिरतेय. आणि तिचा नवरा रविवारी येतोय."

फादरांनी खणातून नियमांचा कागद काढला आणि चष्म्यावरून वाचला. फोटो आणि खालचा मजकूर मिळून एक प्रवेशिका. मजकूर खोटा निघाला तर प्रवेशिका बाद. "दुरुस्ती शुक्रवारच्या अंकात आली तर शनिवारी तुझं नाव घेणार नाहीत. कळतंय ना? परीक्षकांनी ते हललेले ओठच उचलून धरलेत. पत्रात लिहिलंय तसं."

"म्हणजे त्यांनी माझ्या फोटोला नाहीच दिला पुरस्कार," ती म्हणाली. "काकांच्या ओळीला दिला." काका खालमानेनं बसले होते, त्यांना लागलं असणार, पण तिला थांबता येत नव्हतं. "मला तो हवा होता, फादर. फार हवा होता. घरी खिळा ठोकून झालाय. पण हा घेऊन मी उद्या कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन उभी राहू?"

फादर उठून खिडकीपाशी गेले, परत आले, बसले. "बुधवारी दुपारी पानं छापायला जातात," ते म्हणाले. "पहिलं पान मोकळं ठेवतो. लिहिणार कोण?"

"मी."

काकांनी मान वर केली. नाही म्हटलं तरी त्यांना थोडं हसू आलं.

सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ, एवढा वेळ तिला पंधरा ओळी लिहायला लागला. खोडत होती, परत लिहीत होती, कागद चुरगळत होती. काका शेजारी बसून पेन्सिलींना टोक करत होते आणि एक शब्द सुचवत नव्हते. मंगळवारी दुपारी कागद घेऊन ती परत वसाहतीत गेली. बाळाच्या आईनं दार उघडलं, पण उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. तीनशब्दीनं उभ्याउभ्याच वाचून दाखवलं.

"एक राहिलं," बाळाची आई म्हणाली. "मला कुणी काही मागितलं नाही, आणि मी काही दिलं नाही. हे असंच लिहा."

तिनं गुडघ्यावर कागद ठेवून ते तसंच लिहिलं.

बुधवारी पानं गेली. फादरांनी संघाला स्वतः फोन करून सांगितलं. तिकडून काय ऐकून घ्यावं लागलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण फोन ठेवल्यावर पाणी मागून घेतलं. घरी आईनं सगळं ऐकलं, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्या खिळ्यावर कॅलेंडर लाव परत. तारीख बघायला शेजारी जावं लागतंय."

शनिवारी, तिकडे सभागृहात बिशप येऊन बसले असतील त्याच वेळी, तीनशब्दी काखेत शंभर अंकांचा गठ्ठा घेऊन दुसऱ्या रांगेच्या नळापाशी उभी होती. पाणी यायची वेळ होती. बायका बादल्या लावत होत्या. बाळाची आई सगळ्यांच्या मागे, आणि म्हातारी सासू नातवाला कडेवर घेऊन बरीच पुढे, सुनेला ओळखत नसल्यासारखी. तीनशब्दीला गर्दीत बोलायची सवय नव्हती. पण आली होती ती वाचायला, तेव्हा तिनं अंक उघडला आणि वाचलं.

"या फोटोखाली आम्ही छापलं की बाळाला बाप्तिस्मा दिला जात आहे. ते खोटं होतं. बाळाला एकशे चार ताप होता. नर्सबाई ताप उतरवण्यासाठी त्याच्या डोक्यावर कोमट पाणी ओतत होत्या. त्यांचे ओठ हलताना दिसतात, कारण त्या बाळाचे श्वास मोजत होत्या. फोटोत जे हात दिसतात ते बाळाच्या आईचे आहेत. फोटो काढणारी तिथं दोन तास होती, आणि त्या दोन तासांत ते हात एकदाही सुटले नाहीत. आई म्हणते, मला कुणी काही मागितलं नाही, आणि मी काही दिलं नाही. फोटो काढणारीनं नीट लिहून दिलं नाही, आम्ही नीट विचारलं नाही. चूक आमची आहे. या माउलीची आम्ही जाहीर माफी मागतो."

नळाला पाणी आलं होतं. पहिली बादली भरून वाहू लागली तरी कुणी ती उचलली नाही.

"परत वाच," सासू म्हणाली.

तिनं परत वाचलं.

"ते हातांचं वाच."

तीनशब्दीनं तेवढं तिसऱ्यांदा वाचलं. एका बाईनं अंक मागून घेतला, मग दुसरीनं. बादली मागे ठेवणाऱ्यांतली एक होती, तिनं फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि हळूच म्हणाली, "बोटं पांढरी पडलीत बघ धरून धरून." सासू रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेली, बाळ सुनेच्या हातात दिलं, सुनेची बादली उचलली आणि आणून आपल्या बादलीच्या पुढे ठेवली.

पाणी भरून झाल्यावर बाळाची आई तीनशब्दीपाशी आली. एका कडेवर बाळ, दुसरा हात ओला. "ताई, तो फोटो आहे का अजून?"

फोटो पिशवीतच होता. सोमवारपासून तिनं तो बाहेर काढला नव्हता. बाळाच्या आईनं ओला हात साडीला पुसला, फोटो घेतला, नीट पाहिला, आणि उलटा करून मागची कोरी बाजू तिच्यापुढे धरली.

"मागं लिहून द्या. हा मोठा झाल्यावर वाचेल." तिनं बाळाला कडेवर नीट घेतलं. "सगळं लिहा. तीन शब्दांत नको."

तीनशब्दी हे नाव इथवर कसं पोचलं कुणास ठाऊक, काकांनीच कुणाला सांगितलं असणार. तीनशब्दीनं पेन काढलं, नळाच्या कट्ट्यावर बसली, आणि आधी बाळाचं नाव विचारलं.