झाकणावर राहिलेली मतं

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी मतपेटी आहे. ज्या मतदारसंघासाठी मला घडवलं, तो आता नकाशावर शोधूनही सापडायचा नाही. मी मात्र कचेरीच्या जिन्याखाली अजून पडून आहे. तुम्ही ऐकणार असाल तर त्याची हकिगत सांगते.

एका कारखान्यात पत्रा ठोकूनठाकून मला आकार दिला. कोणाचं बोट कापू नये म्हणून कारागिराने माझी फट कानशीने घासून गुळगुळीत केली. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. माझ्यावर होडीचं चित्र चिकटवलं. होडी ही निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका मास्तरांची निशाणी होती.

आमच्या मतदारसंघाच्या मधोमध मोठी नदी होती. अलीकडे बाजार, कचेरी, दवाखाना. पलीकडे नुसती गावं. मास्तर पलीकडच्या शाळेत शिकवत. खासदार होऊन त्यांना एकच गोष्ट करायची होती, नदीवर पूल. त्यांच्यासमोर उभा होता वाळूचा ठेकेदार. नदी ओलांडायच्या होड्याही त्याच्याच, त्यामुळे पुलाचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

मतदानाच्या सकाळी मला पलीकडच्या शाळेत पडद्याआड मांडलं. सगळ्यांत आधी आत आली गावची सुईण. तिने माझ्यावरची होडी ओळखली आणि आपला कागद माझ्या झाकणावर अलगद ठेवला. त्या लोकांची रीतच तशी होती. मानाच्या माणसाला काही द्यायचं तर ते त्याच्या पुढ्यात ठेवायचं. फटीतून सरकवणं त्यांना भीक घातल्यासारखं वाटे. कागद उडू नये म्हणून तिने खिडकीतला एक खडा त्यावर ठेवला. मागोमाग तिची लेक आली. तिने ती मांडणी पाहिली आणि आपलाही कागद खड्याखाली सारला. मग काय, एकीचं पाहून दुसरी, दुसरीचं पाहून तिसरी! दुपारपर्यंत माझ्या डोक्यावर चळत झाली आणि पोट रिकामंच.

पेट्या बघायला कारकून आत डोकावला. बाहेर जाऊन तो अधिकाऱ्याला म्हणाला, "साहेब, लोक कागद आत टाकतच नाहीत, वर ठेवतायत. सांगू का त्यांना?"

"मतदाराला काही शिकवायचं नाही, असा हुकूम आहे."

"पण मतं फुकट जातील की!"

"जाऊ देत. तू कशाला नसती उठाठेव करतोस? उद्या बालंट माझ्यावर यायचं."

कारकून पुन्हा मतदारयादीवर खुणा करू लागला. ठेकेदाराचा माणूस बाकावर बसून हे ऐकत होता, तो गालातल्या गालात हसला. मास्तरांचा माणूस जेवायला म्हणून गेला तो गेलाच.

संध्याकाळी ती सगळी चळत बाद झाली. त्या काठावरच्या बहुतेक केंद्रांवर हेच घडलं होतं. मास्तर हरले, आणि हरले ते बाद मतांहून कितीतरी कमी फरकाने. मला रडू येत असतं तर मी तेव्हा रडले असते.

पुढचं मला कळलं ते दुसऱ्या निवडणुकीत, रांगेतल्या बायकांच्या बोलण्यातून. सुईणीची लेक बाळंतपणात अडली होती. गावभराची बाळंतपणं करणाऱ्या आईने तिथे हात टेकले. दवाखान्यात नेताना फुगलेल्या नदीत होडी कलंडली. आई वाचली. लेक गेली, बाळही गेलं.

आता सगळ्या उमेदवारांना मिळून एकच पेटी होती. माझ्यावरची होडी खरवडून काढली होती. पण पलीकडची निम्मी माणसं आलीच नाहीत. "आमची मतं कुठे चालतात?" असं म्हणून ती घरीच बसली. ठेकेदार पुन्हा निवडून आला. त्यानंतरच्या खेपेला मात्र मी तुडुंब भरले आणि मास्तर जिंकले. लोकांनी मला हार घातला! पण पुलाचा कागद हलायच्या आत मास्तर वारले. पोटनिवडणुकीत ठेकेदाराचा मुलगा बिनविरोध आला, तेव्हा मला कपाटाबाहेर काढायचीही गरज पडली नाही.

पलीकडची गावं हळूहळू रिकामी झाली. जनगणनेत माणसं कमी भरली आणि वरून हुकूम आला, मतदारसंघ मोडा. नदीची रेघ धरून त्याचे दोन तुकडे केले आणि शेजारच्या मतदारसंघांना वाटून टाकले. माझी रवानगी जिन्याखाली झाली.

एकदा ती सुईण कचेरीत आली. पार थकली होती. दम लागला म्हणून ती माझ्यावरच टेकली. तिने मला ओळखलं नाही.

"आजी, पलीकडचा काठ आता आमच्याकडे येत नाही," नवा कारकून म्हणाला. "तिकडच्या खासदारांना विचारा."

"त्यांच्याकडूनच आले रे बाबा. ते म्हणतात, पुलाचं एक टोक तुमच्या हद्दीत आहे, तुम्हाला विचारा."

"मग आम्ही तरी काय करणार?"

"माझ्या नातसुनेचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "नदीला पाणी चढतंय."

कारकुनाने पुढची फाइल ओढली. ती उठून गेली. तिच्या नातसुनेचं पुढे काय झालं, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या, असं मी म्हणणार नाही. गंज मी सोसते. एवढंच मागते की, कोणी चुकत असेल आणि तुम्हाला ते दिसत असेल, तर त्याला वेळेवर सांगा. "बाई, कागद आत टाका," एवढंच त्या सकाळी म्हणायचं होतं. मला बोलता येत नव्हतं. त्या खोलीतल्या बाकी सगळ्यांना येत होतं.