बाहीवरचा पतंग

आम्हाला रोज विद्यापीठात नेणाऱ्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या मागची सीट बरोबर इंजिनावर येते. थंडीत ती छान गरम होते आणि माझे गुडघे तिच्याच जोरावर चालतात. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात माझे केस पिकले, तेव्हा त्या सीटवर माझाच हक्क, असं मी धरून चालले होते. बाकीचेही मुकाट्यानं मानत होते. मग खोकेवाली आली.

ही काडीपैलवान मुलगी कीटकांवर संशोधन करते. रोज मांडीवर प्लॅस्टिकचं खोकं, त्यावर जाळी बांधलेली. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "मावशी, ती सीट मला द्याल? याला ऊब लागते."

"आणि मला काय बर्फ लागतो?"

शेवटी तह झाला. अर्धी सीट माझी, अर्धी तिची, आणि खोक्याचा कोपरा रोज माझ्या बरगडीत.

खोक्यात एका काटकीला चिकटलेला कोश होता. दिसायला अगदी वाळकं पान. त्यात एवढं जपण्यासारखं काय, ते मला कळत नव्हतं. मी न विचारताच तिनं सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी प्रयोगशाळेतला हीटर बंद करतात, म्हणून ती कोश घरी नेते आणि सकाळी परत आणते. आतून मोठा पतंग निघणार होता, दिव्यावर झेपावतात त्या जातीतला, पण तळहाताएवढा. आधीचे सगळे चुरगळलेले पंख घेऊनच बाहेर आले आणि तसेच मेले. हा शेवटचा. याचेही पंख उघडले नाहीत तर विषय सोडून दे, असं तिच्या गाईडनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणजे आजवरची सगळी मेहनत पाण्यात.

त्या सकाळी अर्ध्या वाटेत माझ्या बरगडीशी काहीतरी खरवडलं.

"अगं, खोक्यात उंदीर शिरलाय का तुझ्या?"

तिनं वाकून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. कोशाचं टोक ओलं झालं होतं. "आत्ता नको रे," ती कोशाला विनवू लागली. "पोचू दे. आत्ता नको." पण तो ऐकणाऱ्यातला नव्हता. तेवढ्यात व्हॅन खड्ड्यात आदळली आणि काटकी निसटून खोक्याच्या तळाशी आडवी झाली.

"काका, थांबवा! गाडी थांबवा!"

आमचा ड्रायव्हर वाटेत सख्खे सासरे दिसले तरी थांबणारा नव्हे. पण तिचा आवाज ऐकून त्यानं गाडी कडेला घेतली आणि कुणी न सांगता इंजिनही बंद केलं.

खरं सांगते, पतंग बाहेर आला तेव्हा मला किळस आली. ओला, लठ्ठ, केसाळ, आणि पंखांच्या जागी भिजल्या कागदाचे बोळे. प्लॅस्टिकवर चढायला जायचा आणि घसरून पडायचा.

"त्याला लटकायला काहीतरी खरखरीत हवं," मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "लटकला तरच पंख नीट उघडतात. तसेच वाळले तर संपलं."

मागच्या सीटवरच्या गणिताच्या सरांनी रुमाल पुढे केला, पण तो इस्त्रीचा, गुळगुळीत. मग तिघांचीही नजर माझ्या स्वेटरवर गेली. जाड लोकरीचा, मी स्वतः विणलेला. मी जाळी बाजूला केली आणि हात खोक्यात घातला. का घातला, विचारू नका. घरात झुरळ दिसलं तरी मी खुर्चीवर चढते.

तो मनगटावरून कोपराकडे चढला. त्याच्या पायांची पकड मला लोकरीतून जाणवत होती. मी हात उचलून पुढच्या सीटच्या पाठीवर टेकवला, तसा तो बाहीखाली उलटा लटकला. बराच वेळ काहीच झालं नाही.

मग बोळे सैल होऊ लागले. कुणी ओढत नव्हतं, कुणी फुंकत नव्हतं, आणि घड्या आपल्याआपण सुटत होत्या. विटकरी रंग खाली उतरत गेला, त्याच्या कडेला पिवळी नागमोडी रेघ उमटली, आणि प्रत्येक पंखाच्या मधोमध काचेसारखा एवढासा आरपार तुकडा उघडला. त्यातून मला पलीकडचा रस्ता दिसत होता. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. एवढं वय झालं, पण असं काही घडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि हे तर माझ्याच हातावर चाललं होतं.

एका पंखाची खालची घडी मात्र सुटेना. मुलीनं माझा दुसरा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. मी ओरडले नाही. खांदा ठणकत होता, ऑफिसची वेळ टळून गेली होती, आणि उशिरा येणाऱ्यांना रोज चार शब्द सुनावणारी मीच. ड्रायव्हर मान मागे वळवून बसला होता.

"हे त्याला शिकवलं कुणी?" सर पुटपुटले.

"श्श!" ड्रायव्हर सरांवर खेकसला.

आणि घडी सुटली. हळूच, शेवटच्या टोकापर्यंत.

"उघडले," मुलगी म्हणाली. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली, आणि पतंग हलू नये म्हणून मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

कितीतरी वेळानं ड्रायव्हरनं गाडी काढली, आणि ती इतकी सावकाश चालवली की सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. विद्यापीठाच्या फाटकाशी सर उतरले. आम्ही दोघी बसूनच होतो. पतंगानं पंख एकदा मिटले, एकदा उघडले.

"मावशी, घेऊ का आता त्याला खोक्यात? हात दुखत असेल तुमचा."

पंख केव्हाच वाळले होते. मला दिसत होतं.

"थांब जरा," मी म्हणाले. "अजून ओले आहेत."

दिसत तिलाही होतं. ती माझ्या शेजारी तशीच बसून राहिली.