पिवळं काढ

"पिवळं काढ," सासरे म्हणाले.

सुनेने पिवळं काढलं.

"अजून."

सुनेने अजून काढलं. पडद्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर आता थंडीने काकडल्यासारखे दिसू लागले. ओठ जांभळे, कान निळसर. सासऱ्यांनी मान मागे घेतली, डोळे बारीक केले आणि समाधानाने हुंकार दिला.

"हां. आता माणूस दिसतोय. मघाशी कावीळ झाली होती त्याला."

कावीळ कोणाला झाली आहे, हे सुनेच्या अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिने ते गिळलं. गेल्या चौदा महिन्यांत तिने इतकं गिळलं होतं, की जेवणाची गरजच उरू नये.

फोटो स्टुडिओ सासऱ्यांनी उभा केलेला. पुढच्या खोलीत फोटो काढायचे, मागच्या खोलीत ते सुधारायचे. पुढे आता मुलगा कॅमेरा सांभाळी आणि मागे सून कॉम्प्युटर. सासऱ्यांकडे एकच काम उरलं होतं, पण ते काम म्हणजे दुकानाचं नाक. त्यांनी पडद्यावर पाहून पास केल्याशिवाय एकही फोटो छपाईला जात नसे, आणि छापून आलेल्या बंद पाकिटावर त्यांची सही झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात पडत नसे. ती सही लोक ओळखत. काही जण तर फोटोपेक्षा पाकीटच जपून ठेवत.

तरुणपणी सासरे काळ्या-पांढऱ्या फोटोंवर हाताने रंग चढवायचे. काडीला कापूस गुंडाळून गाल, बारीक कुंचल्याने ओठ. हात चुकला की फोटो गेला. त्यामुळे सुनेच्या कामाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं.

"तुमचं बरं आहे. चुका करा, मागे या, परत चुका करा. आमच्या वेळी मनाशी ठरवून मगच हात लावावा लागायचा."

सुनेने त्यांना पहिल्याच वर्षी समजावून सांगितलं होतं. मूळ फोटोला ती बोटही लावत नाही. त्याच्यावर एकेक पारदर्शक थर ठेवते, रंगीत काच ठेवावी तसा. एक थर कातडीच्या रंगाचा, एक कपड्यांचा, एक मागच्या पडद्याचा. थराचा जोर टक्क्यांनी कमी-जास्त करता येतो. नको असेल तर थर बंद करायचा, की खालचा फोटो जसाच्या तसा.

"म्हणजे निर्णय न घेता येणाऱ्या माणसांची सोय," सासरे म्हणाले होते, आणि विषय संपला होता.

पण याच सोयीने सुनेचा जीव वाचवला होता. चौदा महिन्यांपूर्वी सासऱ्यांनी पहिल्यांदा "पिवळं काढ" म्हटलं, तेव्हा तिला रागच आला. चेहऱ्यावर जरा पिवळसर ऊब ठेवायची ही तिची खासियत, गिऱ्हाइकं त्यावर खूश. तिने सगळ्यात वर एक नवा थर टाकला, त्यात सहा टक्के पिवळं काढलं, सासऱ्यांनी पास केलं. ते उठून गेल्यावर तिने तो थर बंद केला आणि फोटो छपाईला पाठवला. कुणाच्या बापाला कळलं नाही. नवऱ्याच्या तर नाहीच. त्या थराला तिने नाव दिलं, 'बाबा'.

सहाचे नऊ झाले, नवाचे चौदा. दर फोटोवर एक 'बाबा', दाखवताना चालू, छापताना बंद. क्वचित एखादा छापील फोटो सासऱ्यांच्या हाती लागला, तर ते छापणाऱ्याच्या नावाने बोटं मोडत. "पास केला होता तेव्हा दुधासारखा होता. त्या गाढवाने हळद लावली."

घरातही हिशेब जुळत होता. सासरे भर दुपारी दिवे लावत. पाणी पेल्याच्या शेजारी ओतत. पांढऱ्याशुभ्र भिंतीकडे बघून विचारत, "हा मळखाऊ रंग कोणी द्यायला सांगितला?"

"मोतीबिंदू आहे त्यांना," सून नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही सांगा."

"तू सांग ना. तुझं ऐकतात."

"माझं? माझं ऐकत असते तर मी रोज निळी माणसं रंगवली असती का?"

"सांगितलं तर सही करायचं बंद करतील. मग दिवसभर करतील काय? बघू."

नवऱ्याचं हे 'बघू' म्हणजे बुडीत खातं. त्यात टाकलेलं परत आल्याची नोंद नाही. पण या वेळी तिलाही पुढे बोलवेना. ज्या माणसाने आयुष्यभर डोळ्यांवर नाव कमावलं, त्याला 'तुम्हाला दिसत नाही' हे सांगायचं कसं? त्यापेक्षा थर बंद करणं सोपं होतं.

मग शाळेचं काम आलं. बेचाळीस मुलांचे एकेक फोटो. सून आणि सासरे सकाळभर बसले. बेचाळीस वेळा "पिवळं काढ", बेचाळीस वेळा "अजून". काटा एकतीस टक्क्यांवर गेला. शेवटचा फोटो पास झाला आणि त्याच वेळी घरच्या छोट्या मुलीला दातांच्या डॉक्टरकडे न्यायची वेळ झाली. परत आल्यावर 'बाबा' बंद करू, असं म्हणून सून पळाली.

इकडे नवऱ्याला कॉम्प्युटरने जागा संपल्याचं सांगितलं. एरवी इकडची काडी तिकडे न करणारा हा माणूस त्या दिवशी कामाला लागला. इतके थर कशाला हवेत, असा विचार करून त्याने बेचाळीस फायलींचे सगळे थर एकमेकांत दाबून एक केले, त्याच नावाने जतन केले, आणि मदतीचा उत्साह अजून उरला होता म्हणून छपाईलाही पाठवून दिले.

"तुझं काम हलकं केलं," संध्याकाळी तो कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

सुनेने एक फाईल उघडली. थरांच्या यादीत एकच ओळ. तिने खुर्ची नवऱ्याकडे वळवली. तो हळूच पुढच्या खोलीत गेला. तिने छपाईवाल्याला फोन लावला. पाकिटं दुपारीच दुकानात पोचली होती. सासऱ्यांनी दारातच सह्या केल्या होत्या, आणि शाळेचा शिपाई ती घेऊनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी काउंटरवर पाच-सहा फोटो पत्त्यांसारखे मांडले.

"ही मुलं माझ्या शाळेतली आहेत, की तळ्यातून बाहेर काढलेली?"

सासरे आतून आले. एक फोटो उचलून खिडकीपाशी नेला, लांब धरला, जवळ धरला.

"उत्तम आहे. वाईट काय यात? कातडीचा रंग बघा."

"बघितला. तेवढ्याचसाठी आले. एका आईने विचारलंय, वर्गात इतकी थंडी असते का म्हणून."

"बाई, हे मी स्वतः पास केलेत."

"मग चष्मा बदला," बाई म्हणाल्या, आणि आपण जास्त बोललो हे लक्षात येऊन फोटोंची चळत नीट करू लागल्या.

सासरे सुनेकडे वळले. "मी पास केले तसेच छापलेत ना?"

"हो. अगदी तसेच."

"मग बिघडलं कुठे?"

रात्रभराचा वैताग, चौदा महिन्यांचं गिळलेलं, सगळं एकदम वर आलं. "तिथेच बिघडलं, बाबा. आजवर कधी तसेच छापले नव्हते."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नवरा कॅमेऱ्याची काच पुसू लागला. ती आधीच स्वच्छ होती. मुख्याध्यापिका बाईंनी चार दिवसांनी येते म्हणून काढता पाय घेतला.

"दाखव," सासरे म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन बसले.

तिने जुन्या फायली उघडल्या. थरांची यादी दाखवली. सगळ्यात वर 'बाबा', प्रत्येक वेळी बंद. सासऱ्यांनी पडद्याला नाक लावून ते नाव वाचलं. आता ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

"प्रत्येक फोटोवर?"

"प्रत्येक."

"म्हणजे पाकिटावर मी सही कशावर करत होतो?"

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"आकडे सांग. दर दोन महिन्यांचे."

तिने सांगितले. सहा. सहा. नऊ. चौदा. एकोणीस. चोवीस. एकतीस. सासऱ्यांनी ते पाकिटाच्या मागे लिहून घेतले, ठळक अक्षरात, ओळी एकमेकींवर चढवत. लिहून झाल्यावर शेवटच्या आकड्याखाली रेघ ओढली.

"पुढच्या वर्षी किती झाले असते?"

"साठ तरी."

"आणि तू तेही बंद केले असतेस."

"केले असते," सून म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे सासरे, सून आणि ते पाकीट. डॉक्टरबाईंनी विचारलं, "त्रास कधीपासून?"

"महिनाभर," सासरे म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

सुनेने पाकीट पुढे सरकवलं. डॉक्टरबाईंनी आकडे वाचले, सुनेला दोन प्रश्न विचारले आणि हसल्या. "दुखण्याचा इतका चोख हिशेब माझ्याकडे कोणी आणला नव्हता. आधी डावा डोळा करू."

दाबलेले थर काही केल्या सुटेनात. नशीब, मूळ फोटो नवऱ्याच्या कॅमेऱ्यात होते. तीन दिवसांत सुनेने बेचाळीस मुलं पुन्हा पहिल्यापासून केली. नवरा दर तासाला पाणी आणून देई. तेवढंच कर, असं तिने त्याला बजावलं होतं. सासरे शेजारी बसून असत. एकदाही "पिवळं काढ" म्हणाले नाहीत, आणि तिला ते नेमकं खुपत राहिलं.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी ते मागच्या खोलीत आले. आधी एक डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला.

"ही भिंत पांढरी आहे!"

"चौदा महिने हेच सांगतेय."

"तू भिंतीचंच सांगत होतीस. माझं कधी सांगितलं नाहीस." मग खुर्ची ओढली. "जुन्या फायली लाव. मी सांगेन तसा तो माझा थर चालू-बंद कर."

शाळेचा दाबलेला एकतीसवाला फोटो लागला. "छे! कोणत्या गाढवाने केलं हे?"

"तुम्ही."

"पुढचा."

चोवीस, एकोणीस, चौदा, सगळीकडे ते हात झटकत गेले. नऊवरही झटकला, पण जरा उशिराने. सहावाला फोटो आला. एक आजी आणि त्यांची नात.

"चालू कर. बंद कर. चालू कर." सासरे वाकले. "इथे चालू राहू दे."

"बाबा, अजून डोळा नवा आहे तुमचा."

"म्हणूनच सांगतोय. तू बघ."

तिने वैतागूनच बघितलं. चालू, बंद. चालू, बंद. मग तोच फोटो दोन्ही प्रकारे छापून खिडकीत नेला. थर बंद असलेली आजी खरोखरच पिवळट होती. ऊब, ऊब म्हणत तिने दोन्ही चेहऱ्यांना काविळीच्या दारात नेऊन उभं केलं होतं. पहिल्या दिवशी रागाने तो थर बंद केला, आणि पुन्हा कधी उघडून बघायची तसदीच घेतली नाही. अशा सहा टक्क्यांच्या फायली सत्तरच्या आसपास होत्या. तेवढी घरं, तेवढ्या भिंती.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुम्हाला. ऑपरेशन डोळ्याचं झालंय."

सासऱ्यांनी बंद पाकिटं पुढ्यात ओढली, पण पेन उघडलं नाही. "आजपासून पाकीट बंद करायच्या आधी फोटो मला द्यायचा. आणि तुझ्या उबेचा एक वेगळा थर कर. नाव घाल, 'सूनबाई'. कुठे बंद करायचा ते मी बघतो."

तेवढ्यात नवऱ्याने दारातून डोकं आत घातलं. "अगं, जागा परत भरत आलीय. या जुन्या फायली दाबून टाकू का?"

"हात लावाल तर याद राखा!" सून म्हणाली.

"हात लावशील तर याद राख!" सासरेही त्याच दमात म्हणाले, आणि दोघं पुन्हा पडद्याकडे वळून, सहा की पाच, यावर भांडू लागले.