साद्यंत वाचले, संग्राह्य

मित्रांनो, मी एक जुना आणि चांगलाच जाडजूड ग्रंथ आहे. पाने एकूण एक हजार तीनशे बारा. माझ्या वजनावरून काय चेष्टा करायची असेल ती आत्ताच करून घ्या, कारण त्या सगळ्या मला पाठ आहेत. उशी, पाट, दाराचा अडसर, व्यायामाचे साधन, सगळे म्हणून झाले आहे. संगणकाला कामाला कसे लावावे, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे आणि त्याने ऐकले नाही तर डोके कसे शांत ठेवावे, हे मी शिकवतो.

मला लिहिले एका मास्तरांनी. दोनशे पानांत आटपतो, असे त्यांनी बायकोला सांगितले होते. पण लिहिता लिहिता त्यांना वाटे, इथे वाचणाऱ्याचे अडेल, आणि ते आणखी चार पाने वाढवत. अशी नऊ वर्षे गेली. सुरुवात केली तेव्हा त्यांची मुलगी बाराखडी गिरवत होती, आणि संपवले तेव्हा तीच माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढत होती. मी फुगलो तो मास्तरांच्या काळजीमुळे. मला अजून त्यांचा राग येत नाही, उलट मायाच वाटते.

छपाई झाली, बांधणी झाली, आणि एका सकाळी मी गाठोड्यातून एका सार्वजनिक ग्रंथालयात येऊन पडलो. तिथले ग्रंथपाल म्हणजे उंच, बारीक, खिशाला तीन पेने लावणारे गृहस्थ. त्यांनी एक पद्धत पाडली होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक रेघी कागद चिकटवलेला असे, आणि पुस्तक परत करताना वाचकाने त्यावर अभिप्राय लिहायचा असे. अभिप्राय नाही तर पुढचे पुस्तक नाही. हेतू उत्तम होता. पण मागे रांग, हातात दोरीने बांधलेले पेन, आणि न वाचलेल्या पुस्तकावर मत द्यायचे म्हटल्यावर माणूस दुसरे काय करणार? थापा मारणार.

इतरांना वळण लागावे म्हणून पहिला अभिप्राय खुद्द ग्रंथपालांनी लिहिला. अक्षर मोत्यासारखे. 'साद्यंत वाचले. संग्राह्य.' म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले आणि जपून ठेवावे असे आहे. खाली तारीखही होती. मी आदल्याच दिवशी गाठोड्यातून बाहेर आलो होतो, पण मोठ्या माणसांना कोण बोलणार?

मग हळूहळू कागद भरत गेला. एका औषधविक्रेत्याने लिहिले, 'माहितीपूर्ण. खांदा दुखतो.' एका शिक्षिकेने लिहिले, 'पहिली तीन प्रकरणे सोपी. नंतर लेखकाचा स्वभाव बदलतो.' कुणी लिहिले, 'लेखकाने विनोद करू नयेत,' तर त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिले, 'मला फक्त विनोद कळले.' एका बाईंनी मनापासून आभार मानले होते. त्यांच्या यजमानांना झोप लागत नसे, ती आता लागू लागली होती. एका विजेच्या कारागिराचा अभिप्राय मला सगळ्यांत आवडतो, कारण तो तरी खरा होता. 'यावर उभे राहून दिवा बदलला. भक्कम आहे.'

एका सद्गृहस्थांनी लिहिले, 'शेवट अप्रतिम. डोळ्यांत पाणी आले.' माझ्या शेवटी शब्दसूची आहे.

हे सगळे मी हसून सोडून दिले. एकच तक्रार मनाला लागे, आणि ती पाच जणांनी वेगवेगळ्या शाईत लिहिली होती. सांगितल्याप्रमाणे लिहिले तरी चालत नाही, आणि चूक कशी शोधायची ते लेखकाने सांगितलेच नाही. मित्रांनो, मास्तरांनी ते सांगितले होते. त्यासाठी अख्खे प्रकरण लिहिले होते. पण मला तोंड असते तर ना!

पुढे मला न्यायला कुणी येईनासे झाले. खालच्या फळीवर, भिंतीकडे तोंड करून, मी काही वर्षे धूळ खात पडलो. आणि एका दुपारी ऑपरेटरबाई आल्या.

त्या एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोनच्या बोर्डावर बसत. तेरा वर्षांची नोकरी. कुणी फोन केला की जोडून द्यायचा, हे त्यांचे काम, आणि साठ खोल्यांचे नंबर त्यांच्या जिभेवर. आता तो बोर्डच निघणार होता. नवे यंत्र आपले आपण फोन जोडणार होते, आणि चार महिन्यांनी बाईंची जागा बंद होणार होती. घरी यजमान तसबिरींना चौकटी करून देत. पण लोक हल्ली तसबिरी लावतात किती? घर खऱ्या अर्थाने बाईंच्या पगारावर चाले.

रुग्णालयाच्या मेट्रनबाईंनी त्यांना एक वाट दाखवली होती. बेचाळीस परिचारिकांच्या पाळ्यांचा तक्ता करण्यात दर महिन्याला त्यांचे तीन दिवस जात. रजा सांभाळायच्या, सुट्ट्या सांभाळायच्या, आणि मुख्य म्हणजे रात्रपाळी करून आलेलीला लगेच सकाळच्या पाळीला उभे करायचे नाही. हा तक्ता जो संगणकाकडून करून घेईल, त्याच्यासाठी मी वर शब्द टाकीन, असे त्या म्हणाल्या होत्या. बाईंनी तोवर संगणकावर फक्त पत्ते खेळले होते.

त्या मला घरी घेऊन गेल्या. यजमान मला पाहून म्हणाले, पाहुणा खाईल थोडे, पण जागा फार अडवील. तरी रोज सकाळी मला पिशवीत घालून रुग्णालयापर्यंत तेच पोहोचवून देत. दुपारी फोन कमी झाले की बाई मला बोर्डासमोर उघडत. अर्धे वाक्य वाचावे, फोन यावा, तो जोडून द्यावा, आणि उरलेले अर्धे वाचावे, असा आमचा संसार सुरू झाला. कळले नाही तर त्या मला नावे ठेवत. पण नावे ठेवून पान उलटायच्या ऐवजी तेच पान पुन्हा वाचत. असे माझ्याशी आजवर कुणी वागले नव्हते. मी अगदी हरखून गेलो होतो.

चौथ्या महिन्यात बाईंच्या सूचनांवरून संगणक तक्ता करू लागला. बाईंनी नमुन्यादाखल तीन महिन्यांचे तक्ते काढून मेट्रनबाईंपुढे ठेवले. मेट्रनबाईंनी चष्मा पुसला आणि एकेक नाव बोटाने तपासले. प्रत्येक महिन्यात एक तरी परिचारिका अशी निघालीच, जी रात्रभर जागून पुन्हा सकाळी कामावर हजर.

त्या म्हणाल्या, "मी चुकले तर एखाद्या महिन्यात चुकेन. हे दर महिन्याला चुकेल. दुरुस्त करून आणा, मग मी सही करते."

बोर्ड निघायला नऊ दिवस उरले होते. बाईंनी दोन दिवस डोके खाजवले. मग त्यांनी माझी अनुक्रमणिका काढली आणि बोट फिरवत तेविसाव्या प्रकरणावर थांबल्या. 'आपली चूक आपणच कशी शोधावी.' पान सहाशे नऊ. त्यांनी ते उघडले आणि उलटायला घेतले, तर उलटेच ना.

आता खरे काय ते सांगतो. पुस्तक छापतात ते मोठमोठ्या कागदांवर. त्या कागदांच्या घड्या घालून शिवतात, आणि मग कडा कापल्या की पाने सुटी होतात. माझी एक घडी जरा आत राहिली होती, आणि कापणाऱ्या यंत्राचे पाते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. सहाशे नऊ ते सहाशे सोळा ही माझी आठ पाने जन्मापासून वरून जोडलेली होती. चौदा जणांनी मला वाचल्याचे लिहून दिले होते, आणि एकालाही हे ठाऊक नव्हते!

यजमानांनी लगेच चौकटी कापायचे धारदार पाते आणले. एका हाताचे काम, म्हणाले. पण बाईंनी त्यांचा हात धरला. पुस्तक आपले नाही, विचारल्याशिवाय पाते लावायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथालय उघडताच त्या दारात उभ्या होत्या.

ग्रंथपालांनी मला पाहिले आणि बरे झाले म्हणाले. दोन नवी टेबले यायची होती, त्यासाठी समितीने जुनी पुस्तके रद्दीत काढायला सांगितली होती, आणि यादीत माझे नाव चौथे होते. त्यांनी पुरावा म्हणून अभिप्रायांचा कागद उघडला आणि त्या पाच तक्रारी बाईंना वाचून दाखवल्या. चूक कशी शोधायची तेच ज्यात नाही, असे पुस्तक ठेवून करायचे काय?

बाईंनी सहाशे आठवे पान उघडून माझे तोंड त्यांच्याकडे फिरवले.

"ते यातच आहे, सर," त्या म्हणाल्या. "पण पानं अजून कापलेलीच नाहीत."

ग्रंथपालांनी पाने चाचपून पाहिली. उजेडाकडे धरून पाहिली. मग त्यांची नजर कागदाच्या पहिल्या ओळीवर गेली आणि तिथून हलेना. त्यांचे कान लाल झाले. बाईंनी ती ओळ वाचली होती, हे त्यांनाही कळले होते.

"मी ते... सर्वसाधारणपणे लिहिलं होतं," ते म्हणाले.

"अक्षर फार सुरेख आहे तुमचं," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, आता माझे काही खरे नव्हते. लाज वाटली की माणूस पुष्कळदा समोरच्यावरच चिडतो, आणि मग मी थेट रद्दीत गेलो असतो, बाईंची नोकरीही माझ्याबरोबर गेली असती. पण ग्रंथपाल मुळात सरळ मनुष्य. त्यांनी खणातून पाते काढले, पट्टी धरली आणि माझी घडी इतक्या हलक्या हाताने कापली की मला कळलेसुद्धा नाही. मग तीन पेनांतले एक काढून रद्दीच्या यादीतले चौथे नाव खोडले. आणि त्याच पेनाने स्वतःचा अभिप्रायही खोडला.

त्या आठ पानांत मास्तरांनी काही जादू ठेवली नव्हती. त्यांनी लिहिले होते, आपल्याला काय म्हणायचे होते ते वाचू नका, आपण काय लिहिले आहे ते वाचा. ओळीवर बोट ठेवा, मोठ्याने वाचा, आणि शेजारी यातले काही न कळणारा एक माणूस बसवा.

"तो मी," यजमान म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

बाई संगणकाला लिहिलेल्या आपल्या सूचना वाचू लागल्या. एकेक ओळ, बोट ठेवून. यजमान इमानाने मान हलवत होते. अर्ध्या तासाने बाई महिन्याच्या पहिल्या तारखेवर आल्या. "आदल्या रात्री कोण होतं ते बघ. यादी रिकामी आहे, म्हणजे आदल्या रात्री कुणीच नव्हतं."

यजमानांची मान थांबली. "कुणीच नव्हतं? मग एकतीस तारखेला रात्री पेशंट कुणाच्या भरवशावर होते?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. तक्ता दर महिन्याला कोऱ्या मनाने सुरू होत होता. मागच्या महिन्याची शेवटची रात्र तो विसरून जात होता, आणि त्या रात्री जागलेली परिचारिका एक तारखेला सकाळी त्याला ताजीतवानी वाटत होती. चार ओळी वाढवल्या आणि काम झाले. मेट्रनबाईंनी या वेळी सहा महिन्यांचे तक्ते तपासले, मागून पुढे आणि पुढून मागे, आणि सही केली. बोर्ड निघाला त्या दिवशी बाई वरच्या मजल्यावर, मेट्रनबाईंच्या खोलीशेजारच्या टेबलावर जाऊन बसल्या. टेबल लहान होते, पण त्यांचे होते.

मला परत करायला त्या आल्या तेव्हा मागे रांग होती. ग्रंथपालांनी नेहमीप्रमाणे दोरीचे पेन पुढे केले. बाईंनी थोडा विचार करून लिहिले, 'सातशे चाळीस पाने वाचली. माझी नोकरी राहिली. पुढच्या पानांत काय आहे ते मला माहीत नाही.' ग्रंथपालांनी ते दोनदा वाचले. संध्याकाळी ग्रंथालय बंद करताना त्यांनी स्वतःच्या नावावर मला घरी नेले. सध्या ते त्रेचाळिसाव्या पानावर आहेत आणि फार चिडचिड करतात.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना कव्हर घाला, पाने दुमडू नका, ओल्या हातांनी धरू नका, हे तुम्हाला सगळ्यांनीच सांगितले असेल. माझे मागणे त्याहून थोडे निराळे आहे. आम्हाला खुशाल नावे ठेवा, पण कुठवर वाचले ते खरे लिहा. 'चाळिसाव्या पानावर सोडून दिले' असे लिहिलेत, तरी मला वाईट वाटणार नाही. चाळीस पाने कुणीतरी माझ्याजवळ बसले होते, एवढे मला पुरते.