नाथाच्या घरचं पाणी

ठाण्याच्या त्या धर्मादाय इस्पितळात सहदेवबुवा टेमकर डॉक्टर नव्हते, कंपाउंडर नव्हते, वॉर्डबॉयही नव्हते. इस्पितळ बांधणाऱ्या शेठजींची आई गेली तेव्हा तिच्या कानात रामाचं नाव घालायला जवळ कुणी नव्हतं. ते शेठजींच्या मनाला लागून राहिलं, म्हणून त्यांनी बुवांना नेमलं. काम असं की खाटाखाटांवरून फिरायचं, ज्याला कुणी नाही त्याच्यापाशी बसायचं, संध्याकाळी वॉर्डात हरिपाठ म्हणायचा आणि डॉक्टरांनी ज्याची आशा सोडली त्याच्या तोंडात तुळशीपत्र नि गंगा घालायची.

बुवा मूळचे राजापूरकडचे. तरुणपणी कीर्तनात उमेदवारी केलेले, गळा गोड, बोलणं त्याहून गोड. ते गोष्ट सांगायला लागले की रोगी कण्हायचं विसरत. पण त्यांचा हात खांद्यावरच्या पिशवीकडे गेला की अख्ख्या वॉर्डाच्या काळजात धस्स होई. "बुवा, तेवढी पिशवी बाहेर ठेवून या बघू," असं कोपऱ्यातल्या खाटेवरचा भिवा त्यांना रोज चिडवायचा. पुढे त्याच भिवाच्या तोंडात बुवांना पिशवीतली गंगा घालावी लागली.

त्या पिशवीत काशीहून आलेला तांब्याचा गडू होता. मरणाऱ्याच्या तोंडी फार तर दोन थेंब जायचे, पण मरणारेही काही कमी नव्हते. गडू तळाला लागला तसे बुवा त्यात इस्पितळाच्या नळाचं पाणी घालू लागले. गंगेचा एक थेंब पडला की सगळंच पाणी गंगा होतं, असं थोर माणसं सांगून गेलीत. बुवांनी ते स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं, की गडू भरताना आता ते इकडेतिकडे बघतही नसत. आपल्या हातून कुणी कोरड्या तोंडानं गेलं नाही, याचा त्यांना अभिमान होता. देवाच्या कामात अभिमान शिरला की तो ओळखू येत नाही, हीच मोठी अडचण.

त्या पावसाळ्याच्या शेवटी ठाण्यातल्याच खोपटहून राघो नावाच्या रोग्याला आणलं. दोन्ही फुप्फुसं न्युमोनियानं भरलेली. बायको बायजा उशाशी बसून असायची. डॉक्टरांनी मुंबईहून नवीन सुया मागवल्या होत्या, पण त्यांनी बायजाच्या नजरेला नजर दिली नाही. बुवांना त्याचा अर्थ कळत होता. ते खाटेशी आले, पिशवीत हात घातला. राघोनं तोंड फिरवलं.

"तुमची गंगा नको बुवा. मना नाथाचे घरचा पानी पायजे."

मग बायजानं सारं सांगितलं. नाथा हा राघोचा थोरला भाऊ, डोंबिवलीजवळ कोपर गावात राहणारा. खाडीकाठची शेतं, समुद्राचं पाणी अडवायला बांध, आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडायची फळी. तिला ही माणसं उघाडी म्हणत. एका उधाणाला राघोनं मासळीच्या लोभानं कुणाला न विचारता ती उघाडी काढली. पाण्याचा जोर असा, की बांधच फुटला. नाथाच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि पुढं कित्येक वर्षं तिथं भाताचं एक लोंबर धरलं नाही. नाथानं भावाला मारलं नाही की शिवी दिली नाही. सगळ्या गावापुढं त्यानं पाणी तोडलं. माझ्या घरचं पाणी तुला बंद, तुझ्या घरचं मला. त्यांच्यात याहून मोठी शिक्षा नाही. राघो गाव सोडून ठाण्यात आला, तरी पाण्याचा घोट घेताना अजून थबकायचा, असं बायजा म्हणाली.

"मी गेलेली कोपरला," बायजा डोळे पुसत म्हणाली, "भावजीनं दार लावून घेतला."

"मी जातो," बुवा म्हणाले. "नाथाच्या घरचं पाणी घेऊनच येतो."

असली वचनं द्यायला जीभ फार हलकी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बुवा पितळी तांब्या घेऊन डोंबिवलीला उतरले आणि चिखल तुडवत कोपरला पोचले. नाथा अंगणात जाळं विणत बसला होता. उंच, वाळका, केस पांढरे. बुवांनी आपली सगळी पुंजी बाहेर काढली. राम-भरताची भेट सांगितली, मरणाच्या दारी वैर ठेवू नये म्हणाले, आवाजही थोडा कापरा केला. नाथानं जाळ्यावरून मान वर केली नाही.

"मेला तं खांदा द्याला येईन. पानी देनार नाय," एवढंच तो बोलला.

एवढं उत्तम कीर्तन असं पाण्यात गेलेलं बुवांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्यांना राग आला. थोडं थांबावं, माणूस विरघळेल, हे कीर्तनकाराला कळायला हवं होतं; पण अपमान झालेल्या माणसाला कळत नाही. ते तरातरा स्टेशनाकडे निघाले. वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढं राघोचं वळलेलं तोंड येत होतं. रिकामा तांब्या घेऊन त्या खाटेशी कसं उभं राहायचं? फलाटावर नळ होता. बुवा त्याच्याशी थांबले, तांब्या भरला, सवयीनं हात जोडून ओठातल्या ओठात गंगेचा श्लोक म्हटला आणि वर पंचा बांधला. त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही. गडू भरून भरून हात सरावला होता.

"घे राघो. नाथानं दिलंय," बुवांनी खाटेशी येऊन सांगितलं.

राघोनं डोळे उघडले. बायजानं त्याला टेकू दिला. तो ते पाणी घोटघोट प्यायला, थेंबही सांडू दिला नाही, आणि मग मुलासारखा रडला. "भावानी पानी दिला गो," असं बायजाला सांगत राहिला. बायजानं बुवांच्या पायांवर डोकं ठेवलं. तेव्हा मात्र बुवांच्या पायाला चटका बसल्यासारखं झालं.

मरताना तरी समाधान मिळालं, असं बुवांनी मनाशी म्हटलं. आता दोन दिवसांचा पाहुणा. पण राघो कुठला मरायला! मुंबईच्या सुया लागू पडल्या, ताप उतरला, आठवड्यात तो उठून बसला आणि पेज मागू लागला. डॉक्टर खूश, वॉर्ड खूश. शेठजींना वार्ता गेली, तेही येऊन बुवांची पाठ थोपटून गेले. सगळ्या इस्पितळात एकच माणूस असा होता, की ज्याला रोगी बरा होताना बघून घाम फुटत होता. माणूस जगला याचं आपल्याला वाईट वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा बुवांना स्वतःची शिसारी आली.

"बुवा," राघो एके दिवशी म्हणाला, "घरी नाय जायाचा आदी. पैला कोपर. ज्याचे पान्यानी जगलो त्याचे पाय धरीन. तुमी बी चला."

बुवांना अन्न गोड लागेना. राघो त्या अंगणात जाऊन उभा राहणार, आणि नाथा म्हणणार, कसलं पाणी? तोडलेलं पाणी दुसऱ्यांदा तुटलं तर राघो उभा राहील का? शेवटी, राघोला घरी सोडायच्या आदल्या दिवशी बुवा एकटेच कोपरला गेले. नाथाला सगळं सांगायचं आणि आपलं खोटं त्यानंच झाकावं म्हणून विनवायचं, असा त्यांचा बेत होता.

नाथानं या खेपेला त्यांना ओटीवर बसवलं. बुवांनी मान खाली घालून सांगितलं, नळाचं, श्लोकाचं, रडण्याचं, सगळं. नाथा ऐकत राहिला. त्याला काहीच नवल वाटलं नाही, तेव्हा बुवांनी वर पाहिलं.

"मना म्हाईत हाय," नाथा म्हणाला. "तुमी गेल्यावं मना रावला नाय. भावच तो. हंड्यातला पानी घेतला न् धावलो तुमचे मागून. फलाटावं आलो तं तुमी नलाशी उबे. तांब्या भरलाव. हात जोरलाव. वर फडका बांदलाव. मी तितंच उबा."

"मग हाक का नाही मारलीस रे?" बुवांनी विचारलं.

"कशाला मारू? कोनचाबी पानी चालतंय, मंग माजाच कशाला? फलाटावंच ओतून दिला."

बुवांना तो फलाट पुन्हा दिसला. खरं पाणी आपल्या पाठीशी हाकेच्या अंतरावर आलं होतं. आपण वळून बघितलं असतं तर! एवढ्या वर्षांच्या कथा-कीर्तनांत त्यांनी जे घडवू पाहिलं ते त्या दिवशी आपोआप घडलं होतं, आणि त्यांनीच ते फलाटावर ओतायला लावलं होतं. ते ओटीवर बसल्याबसल्या रडले. नाथानं त्यांना रडू दिलं.

"आना त्याला," शेवटी तो म्हणाला. "पानी देईन. पन आदी तुमी त्याला सांगाचा, माजे म्होरं. तुमचे लबाडीवं माजा पानी नाय घालनार मी."

दुसऱ्या दिवशी राघो बायजाचा हात धरून त्या अंगणात आला. नाथा दारात उभा होता, हातात भरलेला तांब्या. राघो वाकणार तेवढ्यात बुवा मधे आले. जे शब्द रात्रभर जुळवले होते त्यांतला एकही आठवला नाही.

"राघो, तू प्यालास ते याच्या घरचं नव्हतं. स्टेशनच्या नळाचं होतं. मी खोटं बोललो."

राघोनं बुवांकडे पाहिलं, मग भावाकडे. नाथानं मान हलवली. बायजा मटकन खाली बसली. राघो रागावला नाही; रागावला असता तर बुवांना सोसलं असतं. मग त्याला काहीतरी आठवलं.

"बुवा," तो हळूच म्हणाला, "तो भिवा माजे आदी आलता. माजे बाजूचे खाटंवं. त्याचे तोंडान घातलाव ती गंगा तरी खरी व्हती का?"

बुवांनी तोंड उघडलं. एक थेंब, सगळं पाणी, थोर माणसं, सगळं जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

राघोनं उत्तराची वाट पाहिली नाही. तो नाथाकडे वळला. नाथानं तांब्या त्याच्या ओठांना लावला, दुसरा हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि दोघे भाऊ तसेच उभे राहिले. मग रीत म्हणून नाथानं बुवांपुढंही पाणी धरलं. बुवा प्याले. पाणी किंचित मचूळ होतं.

बुवांनी काम सोडलं नाही. सोडून जायचं कुठं? फक्त गडूत नळाचं पाणी घालणं त्यांनी बंद केलं, पण गडूत होतं तेही नळाचंच, हे ते विसरू शकत नव्हते. काही दिवसांनी बायकांच्या वॉर्डातली म्हातारी लक्ष्मी अगदी शेवटाला आली. लेक पायाशी रडत होती. म्हातारीनं बुवांना ओळखलं आणि ओठ हलवले, "गंगा..."

बुवांनी गडू काढला. ते तिच्या कानाशी वाकले.

"आजी, हे नळाचं पाणी आहे."

म्हातारीनं तोंड उघडलं. तिला ऐकू गेलं होतं की नाही, ते बुवांना कळलं नाही. आणि पुन्हा एकदा सांगायचा धीर काही त्यांना झाला नाही.