पूजेच्या दिवशी बंद केलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. पाण्याचा नव्हे, हवेचा! काचेच्या नळीतली हवा उपसून ती अगदी रिकामी करणे हे माझे काम. आता कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेमागच्या भंगारात पडून आहे आणि खरे सांगतो, माझा राग अजून गेलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी मी बोटीने खिदिरपूरच्या गोदीत उतरलो. प्रयोगशाळेत माझे केवढे कौतुक झाले! पुढे मला सगळे विसरले. विसरल्या नाहीत त्या डॉक्टर सुनीतीबाई. त्यांचे वडील इथेच गार्डन रीचला रेल्वेत अधिकारी होते, म्हणून हे मराठी कुटुंब कलकत्त्यात. बाई डॉक्टरेट मिळवूनही नोकरीत कायम नव्हत्या. शिष्यवृत्ती एकेका वर्षाची. काम दाखवायचे, तेव्हा कुठे पुढचे वर्ष मिळायचे. तिथे मराठी कुणालाच येत नसे, म्हणून त्या माझ्याशी बोलत. "चल रे बाबा, आज दगा देऊ नकोस," असे म्हणून मला सुरू करत.

त्या वर्षी त्यांना रिकाम्या नळीत धातूचा पातळ थर चढवून त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचे होते. त्यासाठी मी तीन आठवडे अखंड धापा टाकत होतो. मोजमाप हाती आले नाही, तर शिष्यवृत्ती त्याच महिन्यात संपणार होती.

आणि नेमकी विश्वकर्मा पूजा आली. त्या दिवशी इथे कुणी यंत्र चालवत नाही. धुऊनपुसून त्याला शेंदूर लावतात.

"सर, एवढा एक पंप चालू राहू द्या ना," बाईंनी विभागप्रमुखांना विनवले.

"सगळी यंत्रं विश्रांती घेतात, मग याचीच काय मिजास?" सर हसले.

"मग सकाळी मी स्वतः बंद करते. आधी नळीची तोटी बंद करून पंपात हवा सोडावी लागते. नाहीतर पंपाचं तेल नळीत चढतं."

"बरं, बरं," सर म्हणाले.

पूजेच्या दिवशी सकाळी पाहुणे लवकर आले. बाई अजून वाटेतच होत्या. सरांनी सगळ्यांसमोर मोठ्या ऐटीत माझे बटण बंद केले. मी ओरडू तरी कसा? माझ्या पोटातले काळे तेल सरसर चढले आणि त्या स्वच्छ नळीत पसरले. शंख वाजत होता, कुणाचे लक्षही गेले नाही. बाई दारात आल्या, त्यांनी नळी पाहिली आणि धावत येऊन तोटी बंद केली, पण तीन आठवड्यांचे काम वाया गेले होते.

पुढे शिष्यवृत्तीची समिती पाहणीला आली, तेव्हा सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पंपच जुना झालाय." चोर सोडून संन्याशाला फाशी! बाईंना मात्र ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा."

"सर, मला दर वेळी पुढचंच वर्ष मिळतं," बाई म्हणाल्या आणि बराकपूरच्या एका शाळेत शिकवायला निघून गेल्या.

मित्रांनो, यंत्रांना जपा, त्यांची पूजाही खुशाल करा. पण बटणाला हात लावण्याआधी, त्यावर राबणाऱ्या माणसाला एकदा विचारा, "बाई, बंद करू का?" एवढेच विचारायचे होते हो! दर पूजेला कुणीतरी भंगारातही येऊन मला शेंदूर लावून जाते. माझ्यावर थरावर थर चढले आहेत. बाईंचा तो एक थर मात्र कधीच चढला नाही.